सगळ्या रेषा एकाच जाडीच्या कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भारतीय रेल्वेच्या वाटचालीवर दोन पानं मजकूर आला होता. चष्मा पुसून दोनदा वाचला. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 21 मैल, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, सगळं यथासांग आहे. नाना शंकरशेट आहेत, बोरघाट आहे, शेवटी वंदे भारतचा फोटोही आहे. माझी तक्रार मजकुराबद्दल नाही. दुसऱ्या पानाच्या तळाला जो नकाशा छापलाय, त्याबद्दल आहे. ‘1900 सालचं रेल्वेचं जाळं’ असं त्याखाली लिहिलंय आणि त्यातल्या झाडून सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, एकाच लाल शाईत आहेत. मिरजेच्या जागी एक टिंब आहे. त्यातून निघालेली रेषा पुण्याला जाते आणि पुण्याहून तशीच सलग मुंबईला. बघणाऱ्याला वाटावं, मिरजेत गाडीत टाकलेलं पोतं थेट बोरीबंदरलाच उतरत होतं.

ते पुण्याला उतरत होतं. तिथे हमाल ते पाठीवर घेऊन दुसऱ्या गाडीत टाकत होता, कारण मिरजेकडून येणारे रूळ मीटरगेजचे आणि मुंबईकडे जाणारे ब्रॉडगेजचे. हे 1900 साली होतं तसंच 1970 सालीही होतं. तुमच्या नकाशातला तो एवढासा सांधा, म्हणजे एक गाडी संपून दुसरी सुरू होते ती जागा, हीच माझी नोकरी होती.

मी 1969 साली रेल्वेत गुड्स क्लार्क म्हणून लागलो. लोक ‘मालबाबू’ म्हणायचे. पुढची बरीच वर्षं मिरजेच्या ट्रान्शिपमेंट शेडमध्ये गेली. 1971 ला पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. पण त्याने मिरजेचा सांधा सुटला नाही, उलट आणखी एक वाढला. पुणे-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर. बेळगाव-लोंढा-हुबळीकडे मीटरगेज, 1000 मिलिमीटर. आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडे आमची बार्शी लाइट, 762 मिलिमीटर. मोठी, मधली आणि छोटी. तीन सख्खे भाऊ एका वाड्यात, पण चुली तीन, असा प्रकार. परदेशातून हौशी लोक कॅमेरे घेऊन यायचे, एकाच स्टेशनात तीन मापांची इंजिनं बघून हरखून जायचे. आम्हाला त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

ट्रान्शिपमेंट म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण आता ते बघितलेली माणसं कमीच राहिली. मधे फलाट. त्याच्या एका अंगाला मोठ्या लाईनीची वाघीण लागायची. (वॅगनला आम्ही वाघीण म्हणायचो. नात हसते, तिला वाटतं आजोबा जंगलात नोकरीला होते.) दुसऱ्या अंगाला छोट्या लाईनीची. मोठ्या चारचाकी वाघिणीत क्विंटलची सव्वादोनशेच्या आसपास पोती. बार्शी लाइटचा नियम असा की एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको. चार आसांची वाघीण धरली तर गाड्यासकट 20 टन, म्हणजे माल जेमतेम 14 टन. मोठीतली एक वाघीण छोटीतल्या दीड वाघिणीत जायची आणि ती अर्धी भरण्यासाठी दुसऱ्या मालाची वाट बघत बसायची. सील तोडायचं, नंबर रजिस्टरला घ्यायचा, पोती मोजून उतरवायची, मोजून चढवायची, फाटकं पोतं बाजूला काढून शिवायचं, नवं सील, नवं लेबल. मुकादम मोजायला उभा राहिला की पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. पेठेतली रीत, ती रेल्वेच्या फलाटावरही तशीच चालू.

मिठाची पोती असली की हमालांच्या मानेवर चट्टे उठायचे, ते गोणपाटाची खोळ डोक्यावरून घ्यायचे. सिमेंट असलं की संध्याकाळी सगळे एका रंगाचे. सगळ्यांत वैताग गुळाचा. कोल्हापूरचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, पावसाळी हवेत पाझरायला लागला की फलाट चिकट व्हायचा, त्यावर मुंगळे, आणि वजनात घट आली की व्यापाऱ्याचा क्लेम. त्या क्लेमची उत्तरं लिहिण्यात माझे मराठी-इंग्रजी दोन्ही सुधारले. एवढाच काय तो त्या सांध्याचा मला फायदा.

पण 1972 च्या दुष्काळातला एक दिवस मी विसरलेलो नाही. सांगोला, जत, कवठे महांकाळ ही आमच्या छोट्या लाईनीच्या भागातली गावं तेव्हा होरपळत होती. मुंबई बंदरात उतरलेला अमेरिकन मिलो, तांबडी ज्वारी, ब्रॉडगेजने मिरजेपर्यंत सुरळीत आला. आणि मिरजेत अडला. छोट्या लाईनीला वाघिणी कमी, त्यात एक इंजिन कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात उघडून ठेवलेलं. शेडात पोत्यांची थप्पी पत्र्यापर्यंत गेली. इथून सांगोला फार तर चार-पाच तासांवर, तिथे रेशनच्या दुकानापुढे रांगा, आणि धान्य माझ्या शेडात पडलेलं. रजिस्टरवर सही माझी. मुकादमाला सगळे अण्णा म्हणायचे. ते त्या दिवशी ‘लाभ’ म्हणाले आणि थांबले. म्हणाले, “बाबू, ह्याला लाभ म्हणू का नको, तुम्हीच सांगा.” मी म्हटलं, मोजा अण्णा. त्यांनी पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात केली.

पोती दोनदा हाताळली की सांडणारच. सांडलेलं धान्य झाडून, वजन करून, ‘स्वीपिंग’ म्हणून खात्यात दाखवायचं असा नियम. स्टेशनामागच्या वस्तीतली पोरं आणि बाया रुळांमधून दाणे वेचायच्या. मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे पाठ करून बसत होतो. स्वीपिंगच्या रकान्यात काय लिहिलं ते आता पन्नास वर्षांनी विचारू नये.

आता हे सांधे आले कुठून, ते तुमच्या दोन पानांत नाही म्हणून लिहितो. लॉर्ड डलहौसी हिंदुस्थानात येण्याआधी विलायतेत बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये होता. तिथे ग्रेट वेस्टर्न कंपनीचे 7 फुटी रूळ आणि बाकीच्यांचे पावणेपाच फुटांच्या आतले रूळ, यांचं भांडण त्याने जवळून पाहिलं होतं. म्हणून त्याने इथे हट्ट धरला, देशभर एकच माप. त्याला स्वतःला 6 फूट हवं होतं, ठरलं साडेपाच फूट. त्याच्याबद्दल आपल्याला प्रेम असायचं कारण नाही. सातारा आणि नागपूर त्यानेच घशात घातलं. रेल्वेही त्याला पलटणी हलवायला आणि कापूस बंदराला न्यायला हवी होती. पण मापाचं त्याला अचूक कळलं होतं, हे मान्य करावं लागतं.

त्या मोठ्या लाईनी बांधल्या खासगी कंपन्यांनी, 5 टक्के व्याजाच्या सरकारी हमीवर. नफा झाला तर भागधारकांचा, तूट आली तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. अशी हमी मिळाल्यावर काटकसर कोण करतो? खर्च बेसुमार वाढला. तेव्हा 1870 च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारने ठरवलं की पुढच्या लाईनी स्वस्तात बांधायच्या, अरुंद मापाच्या. मीटरच का, तर तेव्हा हिंदुस्थानात मेट्रिक मापं येणार अशी हवा होती. मापं आली स्वातंत्र्यानंतर, मीटरगेज मात्र लगेच आलं. एकच माप हा डलहौसीचा हट्ट सतरा वर्षांत मोडला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ‘तेव्हा कुणाला कळलं नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. चांगलं कळलं होतं. पंजाबातून वायव्य सरहद्दीकडे जाणारी लाईन आधी मीटरगेजचीच ठरली होती, काम सुरूही झालं होतं. लष्कराने विचारलं, लढाईच्या वेळी तोफा आणि घोडे मधेच उतरवून पुन्हा चढवायचे का? निर्णय फिरवला आणि ती लाईन ब्रॉडगेज केली. तोफेला ट्रान्शिपमेंट नको, हे सरकारला काही वर्षांत पटलं. ज्वारीच्या पोत्याच्या बाबतीत ते पटायला शंभरावर वर्षं लागली.

आणि आमच्याकडची लाईन तर दुष्काळाच्याच पोटी जन्मलेली. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन आणि कर्नाटकात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर 1880 च्या दुष्काळ आयोगाने सांगितलं की धान्य पोचवायला रेल्वे वाढवा. त्यातून 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा अशी लाईन पडली. मीटरगेज, कारण स्वस्त. दुष्काळात धान्य पोचावं म्हणून बांधलेली लाईन, आणि तिच्या पुण्याच्या टोकाला धान्य उतरवून चढवायचं! कोल्हापूर संस्थानाने 1888 साली मिरजेपर्यंतची स्वतःची लाईन बांधायला घेतली. तेरा-चौदा वर्षांच्या शाहू महाराजांच्या हस्ते मुहूर्त झाला आणि 1891 ला गाडी सुरू झाली. तीही अर्थात मीटरगेज. थोरल्या भावाचं माप घ्यावंच लागतं. तिकडे मराठवाड्यात निजामाच्या मुलखात मनमाड ते सिकंदराबाद लाईन 1900 च्या सुमारास पडली, तीही मीटरगेज. म्हणजे मनमाडला आमच्यासारखाच सांधा, आमच्यासारखेच हमाल. तुमच्या नकाशात औरंगाबादहून मनमाडमार्गे मुंबईला गेलेली सलग लाल रेघ बघून तिथल्या जुन्या मालबाबूलाही माझ्यासारखंच हसू आलं असणार.

बार्शी लाइटबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर, त्या गाडीवर आमचं घर चाललं. तिची चेष्टा सगळ्यांनी केली. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची गोष्ट मी हजार जणांकडून ऐकलीय, आणि प्रत्येकाच्या मामाने ते केलेलं असतं. पण ती लाईन काढणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा माणूस खेळणं बनवत नव्हता. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, या कंपनीच्या मुख्य लाईनीने बार्शीला 21 मैल लांब ठेवलं होतं. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि माल स्टेशनापर्यंत बैलगाड्यांनी. कॅलथ्रॉप जीआयपीतच इंजिनांकडे नोकरीला होता. त्याने हिशेब मांडला की प्रत्येक आसावर सारखाच 5 टन भार ठेवला, इंजिनालाही आणि वाघिणीलाही, तर दर यार्डी, म्हणजे दर तीन फुटांना, 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. विलायतेत कंपनी काढली आणि 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी धावली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. सगळी मिळून 325 किलोमीटर. आषाढीला टपावरसुद्धा माणूस मावत नसे. (याच कॅलथ्रॉपने नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. वडील म्हणायचे, आमच्या गाडीतून उतरायला त्याची गरज नव्हती.)

1897 ला छोटी लाईन नसती तर बार्शीला लाईनच नसती, एवढा साधा तो हिशेब होता. म्हणून इंग्रजांवर खापर फोडून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात 42 वेगवेगळ्या रेल्वे होत्या, संस्थानांच्या धरून. त्या एकत्र करून 1951 पासून विभाग पाडले, ते काम खरोखर मोठं. तेव्हा देशात सुमारे 53,600 किलोमीटर लाईन होती. ब्रॉडगेज 25 हजारांच्या आसपास, मीटरगेज 24 हजारांवर, छोटी 4 हजारांवर. निम्म्याहून जास्त देश अरुंद मापावर. बार्शी लाइट 1954 च्या 1 जानेवारीला सरकारने घेतली. मापं एक करायचा देशव्यापी कार्यक्रम निघाला 1992 ला. आमच्या लाईनीचा लातूर-उस्मानाबाद तुकडा मोठा झाला 2007 ला, उस्मानाबाद-कुर्डुवाडी 2008 ला, आणि पंढरपूर-मिरज 2011 ला. उस्मानाबाद तर जुन्या छोट्या लाईनीवर नव्हतंच. जिल्ह्याचं गाव बाजूला ठेवून गाडी येडशीवरून जायची, ते या निमित्ताने लाईनीवर आलं. पण 1954 ते 2011 म्हणजे 57 वर्षं. ती काही डलहौसीची नाहीत. आमच्या भागातून एवढे मंत्री झाले, प्रत्येकाने मिरजेच्या फलाटावर हार घालून घेतला.

मी 2005 ला निवृत्त झालो, तेव्हा छोटी गाडी अजून येत होती.

आता 2016 चा एप्रिल. लातूरला प्यायला पाणी नाही, पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी. आणि मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवायचं ठरलं. राजस्थानातून कोट्याच्या वर्कशॉपातून टाक्या धुऊन आणल्या. 11 तारखेला पहिली गाडी निघाली. 10 वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50,000 लिटर, म्हणजे 5 लाख लिटर पाणी. अंतर 342 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी लातुरात. नंतर 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला 25 लाख लिटर. देशभरच्या वाहिन्यांवर ती दिसली, तुमच्याही पहिल्या पानावर फोटो होता.

मी यार्डाच्या कुंपणाशी उन्हात उभा होतो. माझ्यासारखी आणखी दोन-तीन पिकली पानं होती. पत्रकार मुलं टाकीत किती पाणी, नदी कुठली, पाइप किती लांब, हे विचारत होती. आम्ही रुळांकडे बघत होतो. आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. सगळी आमच्या छोट्या गाडीची स्टेशनं, आणि मिरजेत लावलेलं सील लातुरात तुटणार, मधे एकही हात लागणार नाही. मी खिशातल्या पावतीच्या मागे हिशेब केला. 50 टनांची एक टाकी म्हणजे छोट्या लाईनीच्या साडेतीन वाघिणींहून जास्त. 10 टाक्यांना 36 वाघिणी. तेवढ्या ओढायला एक इंजिन पुरलं नसतं. आणि एवढ्या टाक्या त्या लाईनीवर होत्याच कुठे? पंढरपूर-मिरजचं काम आणखी पाच वर्षं रखडलं असतं, आणि ते रखडणं आम्हाला काही नवीन नव्हतं, तर हे पाणी मिरजेतच राहिलं असतं. माझ्या मिलोसारखं.

एकाही बातमीत हे आलं नाही. गाडी गेली एवढंच आलं. ती कुठल्या मापाच्या रुळांवरून गेली आणि पाचच वर्षांपूर्वी का जाऊ शकली नसती, ते कुणी विचारलं नाही. त्याचं कारण मला तुमच्या नकाशात सापडलं. सगळ्या रेषा पहिल्यापासून सारख्याच दिसत असतील तर विचारणार तरी काय?

तेव्हा विनंती अशी की तो नकाशा पुन्हा छापावा. त्यासाठी फार खटपट नको. मी ट्रेसिंग कागदावर 1900 सालचा नकाशा काढून सोबत जोडला आहे. ब्रॉडगेज लाल जाड पेन्सिलीने, मीटरगेज निळ्याने, छोटी लाईन हिरव्या तुटक रेघेने. बार्शीची तेव्हाची लाईन 21 मैलांचीच असल्यामुळे हिरवी रेघ फार बारीक आली आहे. छापताना ती उडणार नाही एवढं बघावं. जिथे माल उतरवून चढवावा लागे तिथे काळं वर्तुळ केलं आहे. पुणे आणि मनमाड मोठं, कुर्डुवाडी लहान. मिरजेला त्या साली वर्तुळ नाही. तिथला पहिला सांधा 1927 चा, दुसरा 1971 चा, ते समासात लिहिलं आहे.

कागद घडी घालून पाठवत आहे. घडी पुण्यावरून जाणार नाही अशी बेताने घातली आहे. काम झाल्यावर मूळ नकाशा परत पाठवावा, दुसरा काढायला आता हात स्थिर राहत नाही. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त मालबाबू,
मिरज